जड गोळी घातली की जुनी रायफल बिघडते, असं का?

प्रश्न: वडिलांची जुनी ६ एमएम बोल्ट ॲक्शन रायफल माझ्याकडे आलीय. ७५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १०० यार्डांवर अगदी जवळजवळ बसते, पण १०० ग्रेनची घातली की ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पार विस्कटतो, दोन भोकं तर लांबट पडली. स्कोप माउंट बदलले, स्क्रू आवळले, तरी तेच. बॅरल गेली का?

उत्तर: नाही हो, ७५ ग्रेन नीट जातेय म्हणजे बॅरल गेली असं लगेच म्हणू नका. ती लांबट भोकं बघा, गोळी तिथे आडवी होऊन लागलीय, म्हणजे बॅरलमधून निघताना तिला पुरेशी गिरकीच मिळाली नाही. भोवरा कमी फिरला की कसा डुलायला लागतो, तसंच.

आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, पीळ, म्हणजे बॅरलच्या आतल्या आट्या किती इंचात एक फेरा घेतात, तो किती हवा ते वजनावर नाही तर गोळीच्या लांबीवर ठरतं, जाडी तीच म्हटल्यावर जड गोळी लांबच होणार. जॉर्ज ग्रीनहिल यांचं १८७९ चं सूत्र आजही अंदाजाला बरं पडतं: व्यासाचा वर्ग गुणिले १५० भागिले लांबी, सगळं इंचात, आणि वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० धरतात. तुमची गोळी .२४३ इंच जाड, समजा १ इंच लांब, तर १८० धरून साधारण १०.६ इंचात एक फेरा हवा. १२ इंचाच्या पिळाला ०.८९ इंचापर्यंतच झेपतं.

१९५५ मध्ये .२४४ रेमिंग्टन हे ६ एमएमचं काडतूस आलं, त्याच्या रायफलींचा पीळ १ः१२ (१२ इंचात एक फेरा), ७५ आणि ९० ग्रेनसाठी, तर त्याच वर्षीच्या .२४३ विंचेस्टरला १ः१० होता आणि त्यात १०० ग्रेन आरामात चालायची, हरणाच्या शिकारीला लोकांना तीच हवी होती. पुढे १९६३ मध्ये .२४४ चंच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन नावाने परत आलं, पण पीळ १ः९.

तुमचा पीळ घरीच मोजा. आधी रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा. मग मूठ मोकळी फिरणाऱ्या क्लीनिंग रॉडला घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून आत घाला, पॅच आट्यांत धरला की रॉडवर मझलपाशी, म्हणजे बॅरलच्या तोंडाशी, एक खूण करा, वरच्या बाजूला एक टिपका द्या, आणि तो टिपका एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत ढकला. रॉड जितके इंच सरकला तितका पीळ. पॅच घसरतो कधीकधी, म्हणून तीनदा मोजा.

१२ भरला तर ९० च्या आतच राहा. १०० च हवी असेल तर बोथट नाकाची, सपाट बुडाची बघा, त्याच वजनात ती आखूड असते. पूर्ण तांब्याची मात्र नको, तांबं शिशापेक्षा हलकं म्हणून ती अजून लांब होते. कडक थंडीत हवा दाट असते, तेव्हा काठावर चालणारी गोळीही डुलायला लागते, त्यामुळे उन्हाळ्यात जमलं म्हणून भरवसा ठेवू नका. पीळ ९ किंवा १० निघाला तर गोष्ट वेगळी, मग मझलचं तोंड कुठे ठेचलंय का ते आधी बघा.

आणि हे मिटेपर्यंत ती १०० ग्रेन शिकारीला नेऊ नकाच, आडवी लागलेली गोळी आत सरळ जात नाही, जनावर जखमी होऊन निघून जातं.