'फीवर रिव्हर' म्हणजे तापाची नदी का?

विचारणा अशी आहे: अमेरिकेतल्या गलीना या गावावरच्या लेखाचा अनुवाद करताना तिथल्या नदीचं जुनं नाव 'फीवर रिव्हर' असं आलं. 'तापाची नदी' लिहू का? आणि गाव 'गॅलेना' की 'गलीना'?

उच्चार 'गलीना', 'ली'वर जोर. पण ताप मात्र लिहू नका.

गाव इलिनॉयच्या वायव्य टोकाला, मिसिसिपीला मिळणाऱ्या एका लहान नदीकाठी. या मुलखात फ्रेंच लोक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आधी फिरले होते. ते या नदीला 'रिव्हिएर ओ फेव्ह' म्हणत. 'फेव्ह' म्हणजे बाकला, आपल्या घेवडा-वालाच्या गोतावळ्यातली शेंग. इंग्रजी कानाला 'फेव्ह'चा अर्थ लागेना, म्हणून त्याने ओळखीचा 'फीवर' ऐकला. 'हू कम्स देअर'चं 'हुकूमदार' करणाऱ्या आपल्या पलटणींना हे नवीन नाही. तापाच्या साथीवरून नाव पडलं अशीही कथा सांगतात. मला शेंगच पटते. शिवाय 'तापाची नदी' वाचून मराठी माणसाला आधी आपली तापी आठवणार, आणि तिच्यातला ताप तर सूर्याचा!

'गलीना'चं मूळ सरळ आहे. शिशाच्या खनिजाला लॅटिनमध्ये 'गलेना' म्हणत, प्राचीन रोमन लेखक प्लिनीच्या लेखनातही तो शब्द आहे. एकदा या खनिजाचा लिंबाएवढा खडा हातात घेतला तेव्हा मनगट खाली गेलं होतं, इतकं ते जड, पाण्याच्या साडेसात पट. रंग राखाडी, चकाकी आरशासारखी, आणि फोडलं की चौकोनी ठोकळेच निघतात. बाजारातल्या पुष्कळ सुरम्यात हेच असतं. डोळ्यांत घालू नका, ते शिसं आहे.

सॉक, मेस्क्वाकी आणि हो-चंक या मूळनिवासी जमातींचे लोक इथलं शिसं आधीपासून काढत. खणण्याचं बरंचसं काम बायका करत. १८२२ मध्ये केंटकीच्या जेम्स जॉन्सनने सरकारकडून खाणीचा पट्टा मिळवला आणि सोबत गुलाम मजूर आणले. १८२६ मध्ये गावाची आखणी झाली, नाव खनिजाचंच ठेवलं. पुढे आगबोटी थेट गावात लागत. शिसं वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या सरपणासाठी डोंगर बोडके झाले, माती नदीत उतरली, पात्र गाळाने भरलं.

तुमच्या लेखात 'सकर' आणि 'बॅजर' हेही शब्द येतीलच. दक्षिण इलिनॉयचे खाणकरी वसंतात नदीने वर यायचे आणि थंडीआधी परतायचे, सकर नावाच्या माशासारखे. म्हणून ते 'सकर'. जे हिवाळाभर राहिले त्यांनी टेकडीच्या उतारात बिळं कोरून मुक्काम केला, बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यासारखा. म्हणून ते 'बॅजर'. हे दुसरं नाव उत्तरेकडच्या विस्कॉन्सिनला असं चिकटलं की ते राज्य आजही 'बॅजर स्टेट' म्हणवतं. इलिनॉयने मात्र 'सकर' मिरवणं केव्हाच सोडलं. पुढे त्या शब्दाचा अर्थ 'सहज फसणारा' असा झाला, मग कोण मिरवेल?

तेव्हा 'फीवर रिव्हर' तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला शेंगेची एका ओळीची टीप द्या. 'सकर'ही तसाच राहू द्या. एका हस्तलिखितात मी त्याचं 'शोषक' झालेलं पाहिलंय. बिचारे खाणकरी तिथे सावकार होऊन बसले होते.