भाऊसाहेबाचं पत्र, ग्रुपवर टाकू नये

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री अकराला आला, मी तेव्हाच वाचला, पण उत्तर टाईप करायला घेतलं आणि चार ओळीत अंगठा दुखायला लागला, म्हणून आज सकाळी चहा घेऊन कागदावर लिहायला बसलोय, नातू नंतर टाईप करून देईल. तू लिहिलंस की गावाचा ग्रुप काढला, दीडशे माणसं जमवली, डीपीला वेशीच्या कमानीचा फोटो लावला, दोन महिने बरं चाललं, आणि विधानसभेच्या आचारसंहितेत कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला, त्यावर दुसऱ्यानं व्हिडिओ, मग रात्री एकपर्यंत एकमेकांची आयमाय काढणं आणि सकाळी उठून बघतेस तर त्रेचाळीस जण लेफ्ट. मग तू नियम केलास, राजकीय पोस्ट बंद आणि पक्षाचं पद असलेल्या कुणालाच ग्रुपात जागा नाही. आणि आता म्हणतेस ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग आणि दशक्रियेचे मेसेज येतात.

राग मानू नकोस, पण वाचून मला हसू आलं. अगं, तू ज्यांना बाहेर काढलंस तेच गावात काहीतरी हलवणारे होते. रात्री दोनला एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या तर जीप कोण काढतं? तालुक्याला ट्रान्सफॉर्मरसाठी चपला कोण झिजवतं? ज्याच्या गाडीवर पक्षाचं स्टिकर आहे तोच. तो ते मतासाठी करतो हे खरंय, पण करतो. आणि ज्यांना राजकारणात रस नाही म्हणून तू ग्रुपात ठेवलंस, त्यातल्या बऱ्याच जणांना गावातही रस नाही, ते पुण्यात बसून कमानीच्या फोटोला हार्ट देतात. तूही तेच करतेस असं म्हणत नाही, तू दर शनिवारी येतेस, मला माहितीये.

पक्षविरहित म्हणजे पक्षवाल्यांशिवाय असा अर्थ तू काढलास, तिथं गाडी रुळावरून घसरली. देवळात जाताना आपण चपला बाहेर काढतो, पाय कापून ठेवत नाही ना. झेंडा दाराबाहेर ठेवायला सांग, माणसाला आत घे. आणि दोन्हीकडचे घे, एकाच बाजूचे दहा आले तर त्याला मीटिंग म्हणू नकोस, ते पॅनल झालं.

मी बत्तीस वर्षं ग्रामसेवक होतो, तुझे आजोबा मला भाऊसाहेब म्हणायचे, तूही तेच म्हणतेस. सात गावं केली. त्यात एक गोष्ट हळूहळू कळली, जी ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. आपण ज्याला पक्षाचं भांडण म्हणतो ते निम्म्या वेळेला बांधाचं भांडण असतं. आजोबानं बांध कोरला, बापानं कोर्टात केस घातली, नातू मग समोरचा ज्या पक्षात त्याच्या उलट पक्षात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर पक्षाचं चिन्हच नसतं, पॅनल असतात, आणि पॅनलमध्ये कोण कुठं हे भावकी विचारली की कळतं. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले तेव्हा बघ, काल एका जीपमध्ये बसून प्रचार करणारे आज दोन जीपमध्ये, पण आपल्याकडं बांधावर जे बोलत नव्हते ते अजूनही बोलत नाहीत आणि जे एका ताटात जेवायचे ते अजून जेवतात. म्हणून तू विचारधारेवर समजूत काढायला जाऊ नकोस. कुणाचं कुणाशी नेमकं काय बिनसलंय ते तुझ्या आजीला विचार, तिला गेल्या साठ वर्षांचं पाठ असेल.

आता माझंच एक पाप सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या एका गावात ग्रामसभेला माणसंच यायची नाहीत. नियम साधा आहे, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात, नाही आली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग काय, पहिली सभा तहकूब होणार हे सगळ्यांनाच माहीत, दुसरीला बारा-पंधरा जण, त्यात आठ सदस्य. मी सभेत काय ठरलं ते लिहायचं प्रोसिडिंग बुक घेऊन संध्याकाळी घरोघरी फिरायचो, सही करा, अंगठा करा, काही नाही नेहमीचंच आहे. एका म्हातारीनं अंगठ्याला शाई लावून घेतली आणि विचारलं, भाऊसाहेब, मी काय म्हणाले म्हणून लिहिलंय तुम्ही? मी म्हणालो, सर्वानुमते मंजूर. ती म्हणाली, मग मला बोलवायचं तरी होतं. मी तसाच घरी आलो. सही मात्र खोडली नाही, तेवढी हिंमत नव्हती. पुढच्या सभेपासून घरोघरी फिरणं बंद केलं, इतकंच. हे कुणाला सांगत नाही, तुला सांगतोय कारण तुझ्या ग्रुपवरचे अंगठे मला तसेच वाटतात. दीडशे अंगठे आले म्हणजे दीडशे माणसं बोलली असं नसतं.

तू विचारलंस सुरुवात कुठून करू. कामापासून कर, चर्चेपासून नको. आणि काम असं निवड की ज्यात कुणाच्या बापजाद्याचं नाव येत नाही. देऊळ नको, पुतळा नको, कमान तर मुळीच नको. पाण्याचा व्हॉल्व्ह किती वाजता सुटतो आणि खालच्या आळीला किती मिनिटं पाणी येतं हे घे. चार दिवस घड्याळ लावून वहीत लिही, दोन्ही पॅनलची एकेक पोरगी बरोबर घे. पाणी कमी येतं असं म्हटलं की वाद होतो, वरच्या आळीला पन्नास मिनिटं आणि खाली अठरा म्हटलं की माणसं आधी गप्प होतात आणि मग व्हॉल्व्ह सोडणाऱ्याकडं बघतात. त्याला मात्र फाडून खायला देऊ नकोस, त्याला पगार किती आणि किती महिने थकलाय ते आधी विचार.

पैशाचं म्हणशील तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१ ते २०२६) ६० टक्के बंधित ठेवले होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, बाकीचे ४० टक्के इतर गरजांसाठी. गावाच्या आराखड्यात काय धरलंय ते ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर कुणालाही दिसतं, तू तर कॉम्प्युटरवालीच आहेस. त्याची प्रिंट काढ आणि गावच्या विकास सोसायटीच्या भिंतीवर लाव. खाली काही लिहू नकोस. चोर, भ्रष्ट असलं तर अजिबात नको. नुसता आकडा लावला की लोक स्वतः बोलतात, तू बोललीस की लोक तू कुणाची म्हणून शोधायला लागतात.

माण तालुक्यात २०१८ ला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, चालू होता तेव्हाचं सांगतो. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस, पंच्याहत्तर तालुके, त्यावर्षी पहिला नंबर आपल्याच तालुक्यातल्या टाकेवाडीचा आला हे तुला माहीत असेल. मी होतो त्या गावाचा कुठलाच नंबर आला नाही. तिथं दोन पॅनल, मधे सोसायटीच्या निवडणुकीत डोकी फुटलेली, दोघांचे पुढारी एका लग्नात जेवायला बसायचे नाहीत. पहिले चार दिवस एक पॅनल सकाळी खणायला यायचं आणि दुसरं संध्याकाळी, आणि सकाळचे संध्याकाळच्यांची चर मोजून नावं ठेवायचे. पाचव्या दिवशी मुंबईची माथाडी मंडळी सुट्टी काढून आली, त्यांना हे काही माहीत नाही, त्यातल्या एकानं सरळ घमेल्यांची रांग लावली, तू इथं उभा राहा, तू इथं. आता रांगेत गंमत अशी असते की घमेलं कुणाच्या हातून घ्यायचं हे आपल्या हातात नसतं. एक पुढारी सातवा आणि दुसरा आठवा. मी बघत होतो. पहिली वीस घमेली एकमेकांकडं न बघता गेली. मग एक भरलेलं घमेलं निसटलं, सगळी माती आठव्याच्या पायावर, आणि सातव्याच्या तोंडून निघून गेलं, लागलं का रं? बस, एवढंच. गळाभेट वगैरे काही झाली नाही, पुढच्या निवडणुकीत दोघं परत समोरासमोरच लढले. पण त्या उन्हाळ्यापासून पाण्याच्या विषयावर ग्रामसभेत खुर्ची उचलली गेली नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं होतं आणि अजून वाटतं. लोकांनी मतं बदलावीत, एका पक्षाचे व्हावेत ही अपेक्षाच ठेवू नकोस, ते तुझं कामही नाही.

मीटिंग कुठं घेतेस हे तू लिहिलं नाहीस. मारुतीच्या सभामंडपात घेत असशील तर ती बंद कर. तिथं सगळे येऊ शकतात हे आपण म्हणतो, आपण म्हणजे जे येतात ते. खालच्या वस्तीतली माणसं तिथं आली तरी पायरीवर बसतात आणि बायका तर खांबाच्या मागं. शाळेत घे, अंगणवाडीत घे, आणि एकदा समाजमंदिरात घे आणि बघ वरच्या आळीतलं कोण येतंय, त्या दिवशी तुला गावाची खरी फूट कुठं आहे ते कळेल, ती पक्षाची नसेल. आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची हे कायद्यातच आहे, बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते (कशी होते ते वर सांगितलंय). बचत गटाच्या बायकांना घेऊन ती एकदा खरोखर भरव. बायकांच्यात पॅनल नसतात असं नाही, पण हंडा दोघींच्या डोक्यावर असतो.

एकमत झालं पाहिजे असा हट्ट मात्र धरू नकोस. मी एकदा गडचिरोलीला मेंढा-लेखा या गावाला जाऊन आलोय. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा तू ऐकली असशील. तिथं बहुमतानं निर्णय करत नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत बसतात, एका सभेत नाही तर पुढच्या सभेत, आणि त्याच्या जोडीला अभ्यासगट चालवतात, म्हणजे आधी विषय समजून घ्यायचा आणि मग ठरवायचं. २००९ ला जवळपास अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो असं वर्षानुवर्षं बसून. आपल्याकडं ज्याला एकमत म्हणतात ते बऱ्याचदा दुसरंच असतं. उमराणे आणि खोंडामळीचं आठवतंय का, नाशिक आणि नंदुरबार जिल्ह्यातली गावं, सरपंचपदाचा लिलावच केला आणि २०२१ च्या जानेवारीत निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. वरून दिसायला सगळं कसं बिनविरोध, शांत. तेव्हा कुणी उठून नाही म्हणालं तर त्याला बसवू नकोस, त्याचं नाही प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लाव. ज्याचा विरोध कागदावर आला तो माणूस सभा सोडून जात नाही, असा माझा अनुभव आहे.

तुझ्या गावात सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, हे सरपंचाच्या थेट लोकांमधून निवडीमुळं खूप ठिकाणी झालंय. ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. दोघंही तुला आपल्याकडं ओढणार. सरपंच म्हणेल सदस्य काम करू देत नाहीत, सदस्य म्हणतील सरपंच विचारत नाही, आणि दोघांचंही थोडं थोडं खरं असेल. एकाच्या घरी चहा घेतलास तर त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी घे, साखर वाढली तरी चालेल. काम झालं की नारळ दोघांच्या हातून फोडून घे, तुझा फोटो नको. हे तुला जड जाणार, कारण घड्याळ लावून चार दिवस तू उभी राहिलेली असणार आणि स्टेटस दुसऱ्याच कुणाचं झळकणार. झळकू दे. ज्याचं स्टेटस लागलं त्याला पुढच्या वेळी ते काम मोडता येत नाही.

लोक विचारणार, हिला यातून काय मिळतं? विचारणारच, रिकाम्या हातानं कुणी काही करताना त्यांनी फार कमी वेळा पाहिलंय. वर्गणी घेतलीस तर दर रविवारी हिशोब शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिही, चहाचे चाळीस रुपयेसुद्धा. आणि उभी राहणार का असं विचारलं तर कधीच नाही असं म्हणू नकोस, पुढं वाटलं तर खोटी पडशील. या निवडणुकीला नाही, एवढंच सांग. मत कुणाला देतेस ते लपवायची गरज नाही, सांगत फिरायचीही नाही.

१ मेच्या ग्रामसभेची नोटीस आधी सात दिवस लागली पाहिजे, ती लागली का बघ आणि दवंडी खालच्या वस्तीपर्यंत जाते का ते स्वतः मागं चालून बघ. पाण्याची वही घेऊन जा, पण वाचून तू दाखवू नकोस, त्या दोन पोरींना वाचू दे. आणि त्या त्रेचाळीस जणांना परत अ‍ॅड करताना मेसेज करू नकोस, घरी जा. पहिलं घर त्याचं घे ज्यानं सगळ्यात घाण शिवी दिली होती, त्याची आई माझ्या ओळखीची आहे, थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडायची नाही.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, त्यामुळं उत्तर लिहू नकोस, फोन कर, दुपारी नको, झोपलेलो असतो. आणि नातवाला सांगितलंय की हे तुला एकटीला पाठव, तू पण कुठं पुढं पाठवू नकोस, त्यात माझ्या त्या अंगठ्यांचं आहे.

तुझा
भाऊसाहेब