जयविलास महालाच्या खांबांचे भाग कोणते, आणि मजल्यागणिक खांब वेगळे का दिसतात?

खांब खालून वर बघत जायचा. आधी तळखडा, मग उभा दांडा, त्याच्या डोक्यावर स्तंभशीर्ष, म्हणजे कॅपिटल. कॅपिटलवर टेकते ती तुळई, तिच्यावर फ्रीझचा पट्टा आणि सगळ्यात वर पुढे आलेली कॉर्निस. या तिघींना मिळून एंटाब्लेचर म्हणतात.

आपल्या ग्वाल्हेरचा जयविलास १८७४ सालचा, वास्तुकार मायकेल फिलोज. त्याच्या तीन मजल्यांवर खांबांच्या तीन शैली: खाली टस्कन, मध्ये इटालियन डोरिक आणि वर कॉरिंथियन. जाड, साधे खांब खाली आणि सडपातळ, नक्षीदार वर, ही रीत जुनी रोमन. रोमच्या कोलोसियममध्येही असाच चढता क्रम आहे.

ओळखायचं ते कॅपिटलवरून. टस्कन आणि डोरिकला उशीसारखा गोल भाग आणि त्यावर चौकोनी पाट, बस्स. कॉरिंथियनमध्ये मात्र खरी श्रीमंती: अकँथस या काटेरी कडांच्या झाडाच्या पानांच्या दोन रांगा, शेंडे बाहेर वळलेले, मागच्या रांगेची पानं पुढच्या पानांच्या फटींतून डोकावणारी, आणि वर चारही कोपऱ्यांना वेटोळी. दुर्बीण घेऊनच जा, कारण सगळ्यात सुंदर काम सगळ्यात उंचावर आहे आणि बहुतेक लोक ते न बघताच आत झुंबरांकडे पळतात.