लोक वर्गणी देत असतानाही वल्कन बॉम्बर उडवायचं का थांबवलं? जुनी लष्करी विमानं उडती ठेवणं इतकं अवघड का असतं?

वल्कन हे ब्रिटिश जेट बॉम्बर थांबलं ते सहीअभावी. तुमचा प्रश्न रास्त आहे: लोक देणग्या देत होते, हवाई प्रदर्शनांना त्याच्यामुळे गर्दी लोटत होती, मग बंद का केलं? पैसा लागतो आणि अफाट लागतो, यात वादच नाही. पण ‘हे विमान आज उडायला योग्य आहे’ असं लिहून खाली सही करणारा जाणकार, आणि त्याच्या पाठीशी उभी राहणारी कंपनी, या दोन गोष्टी वर्गणी काढून मिळत नाहीत.

मी पिस्टन इंजिनांच्या विमानांच्या देखभालीत काम करतो. वल्कनला माझा हात कधी लागलेला नाही, पण त्या सहीची जबाबदारी काय असते ते मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणताय ते एक्सएच ५५८ क्रमांकाचं वल्कन १९६० साली ब्रिटिश हवाई दलात दाखल झालं. १९९३ मध्ये ते विकलं गेलं. पुढे एका ट्रस्टने लॉटरीच्या वारसा निधीतून आणि लोकांच्या देणग्यांतून ते पुरतं उघडून दुरुस्त केलं आणि १८ ऑक्टोबर २००७ रोजी ते पुन्हा हवेत गेलं. इतकं गुंतागुंतीचं माजी लष्करी विमान नागरी परवान्यावर उडवायचं, तर त्याच्या रचनेची जबाबदारी घेऊ शकणाऱ्या कंपन्यांचा तांत्रिक आधार लागतो. वल्कनच्या मागे बीएई सिस्टीम्स, रोल्स-रॉइस आणि मार्शल एरोस्पेस या तिघी होत्या. २०१५ च्या हंगामानंतर आपण हा आधार देणार नाही, असं तिघींनी ठरवलं. तोवर हे विमान इतर कुठल्याही वल्कनपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त तास उडून झालं होतं. म्हणजे पुढच्या प्रत्येक तासाला मागचा दाखलाच नव्हता. शिवाय त्या पिढीतलं तंत्र प्रत्यक्ष हाताळलेले लोक निवृत्त होत चालले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते शेवटचं उडालं. मला वाईट वाटलं, पण निर्णय मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो.

का पटला, ते सांगतो. विमानाच्या धातूचं वय नुसतं वर्षांत मोजून चालत नाही. प्रत्येक वळणात, हवेच्या प्रत्येक धक्क्यात पंख थोडा वाकतो आणि परत येतो. पंखाचा मुख्य कणा, म्हणजे स्पार, हे सगळं सोसतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत अशा लहान लहान ताणांचीही बेरीज होत राहते आणि एक दिवस बोल्टच्या भोकाच्या कडेला केसासारखा तडा सुरू होतो. प्रदर्शनातलं उड्डाण असतं खालून आणि करकचून वळणं घेत. त्यामुळे लोकांसमोरची ती थोडकी मिनिटं, शांतपणे सरळ उडलेल्या तेवढ्याच वेळापेक्षा पंखाचं कितीतरी जास्त आयुष्य खातात. हा हिशेब मांडायला मूळ रेखाचित्रं लागतात, ताणाच्या चाचण्यांचे आकडे लागतात आणि ते वाचून अर्थ लावणारा माणूस लागतो. कागद कपाटात सापडतात, माणूस सापडत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत उडत्या बी-१७ बॉम्बरांच्या पंखांच्या जोडणीची तपासणी सक्तीची झाली ती याच प्रकारच्या काळजीतून. दुसऱ्या महायुद्धात ही विमानं बांधणाऱ्यांनी ती ऐंशी वर्षं उडतील असा हिशेब कधी केलाच नव्हता.

सुट्या भागांची गोष्ट वेगळीच. वल्कनची ऑलिंपस इंजिनं आता कुणी बनवत नाही, जो साठा होता तेवढाच. २०१२ मध्ये उड्डाणासाठी धावपट्टीवर वेग घेताना त्याची दोन इंजिनं एकदम गेली. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या हवा आत घेणाऱ्या मार्गात राहून गेल्या होत्या. त्या एका इंजिनात ओढल्या गेल्या आणि त्याचे तुकडे शेजारच्यात शिरले. वैमानिकांनी विमान वेळीच थांबवलं, कुणाला इजा झाली नाही, पण पुन्हा न मिळणारी दोन इंजिनं काही क्षणांत बाद झाली.

पिस्टन इंजिनांचं त्या मानाने बरं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन उघडून नव्यासारखं करून देणारी वर्कशॉप्स आजही चालू आहेत आणि बरेच भाग नव्याने घडवले जातात. पण या इंजिनांना हाताची ओळख लागते. हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाच्या किंवा डाकोटा या मालवाहू विमानाच्या गोल, म्हणजे रेडियल, इंजिनाचं उदाहरण घ्या. विमान काही दिवस उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्टर दाबला तर पिस्टन त्या तेलावर आदळतो, आणि तेल काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तो त्याच क्षणी मोडला तर नशीब म्हणायचं, कारण नुसता वाकला तर इंजिन चालू होतं आणि रॉड पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून आधी मॅग्नेटोचे, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्राचे, स्विच बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवायचा, एकेक पातं करत. प्रत्येक सिलिंडरचा दाब तळव्याला कळतो. मध्येच पातं अडलं की जोर लावायचा नाही. उलटं तर मुळीच फिरवायचं नाही, कारण तेल सिलिंडरातून इनटेक पाइपात जातं आणि इंजिन सुरू होताच परत येतं. खालचे स्पार्क प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं, मग पुन्हा फिरवायचं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतंच, पण ‘अडलं’ म्हणजे नेमकं किती अडलं, हे कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

आता धोक्याबद्दल. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या प्रदर्शनात हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ घेण्याची कसरत, पूर्ण करता न आल्याने शेजारच्या महामार्गावर कोसळलं आणि ११ जण गेले. कसरतीला पुरेशी उंची मिळाली नव्हती, यंत्रातल्या बिघाडाने ते पडलं नाही. तरी त्या चौकशीत इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाच्या, काडतुसांची मुदत उलटून गेल्याचंही समोर आलं. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रवासी घेऊन उडालेलं बी-१७ पडून सात जणांचा जीव गेला, आणि त्यात इंजिनांच्या देखभालीतल्या ढिलाईवर थेट बोट ठेवलं गेलं. हौशी मंडळी अशा वेळी नशिबाला दोष देतात, त्याचा मला राग येतो. मुदत संपलेला भाग विमानात असेल, तर तिथे कुणीतरी सही करायला नको होती.

मग ही विमानं संग्रहालयातच का ठेवू नयेत? माझं मत असं की ज्या प्रकारचं एकच विमान जगात उरलंय, ते उडवू नये. ज्यांची बरीच शिल्लक आहेत, त्यांतली काही जरूर उडवावीत. भारतीय हवाई दलाचं ‘परशुराम’ हे डाकोटा २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन उडत भारतात आलं, ते मला फार आवडतं. डाकोटा जगात अजून पुष्कळ आहेत, आणि १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेलं विमान काय होतं, हे त्याचा आवाज ऐकल्यावर जास्त कळतं.

आणि विमानं उडती ठेवली की कारागिरीही हातात राहते. मॉस्किटोचं पाहा. लाकडाच्या पातळ थरांनी बांधलेलं हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश विमान. त्या वेळी जगात उडतं असलेलं एकमेव मॉस्किटो १९९६ मध्ये मँचेस्टरजवळ प्रदर्शनात कोसळलं, आतले दोघेही गेले. त्यानंतर मॉस्किटो संपलंच असं वाटत होतं. पण न्यूझीलंडमध्ये काही लोकांनी त्याच्या सांगाड्याचे साचे नव्याने तयार केले, लाकूड, गोंद आणि दाबाचं सगळं तंत्र पुन्हा बसवलं आणि २०१२ मध्ये मॉस्किटो परत उडालं. त्यानंतर तिथून आणखीही उडाली आहेत. वल्कनसाठी असं काही होणं मला शक्य दिसत नाही. पण तुम्ही देणगी देण्याचा विचार करत असाल, तर आधी त्या संस्थेला एवढंच विचारा की तुमच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ किती आहेत.