कोणत्या पाठातली द्रौपदी?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या एकांकिकेचा खर्डा पोचला. दोनदा वाचला, पहिल्यांदा एका बैठकीत, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. कर्णाची स्वगतं तुला साधली आहेत. मी अडले ती दुसऱ्या प्रवेशापाशी. द्रौपदी म्हणते, "मी सूतपुत्राला वरणार नाही", आणि पुढचं सगळं, द्यूतसभेतलं कर्णाचं बोलणंसुद्धा, तू त्या एका वाक्यावर उभं केलं आहेस. शेवटी सूत्रधार प्रेक्षकांना सांगतो, "व्यासांनीच लिहून ठेवलंय, ठिणगी तिने टाकली." त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. का, ते सांगते.

आधी ते वाक्य कुठे आहे ते बघू. नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसह, म्हणजे अर्थ उलगडणाऱ्या भाष्यासह, जी प्रत आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वाचली गेली, तिच्यात ते आहे. नीलकंठ सतराव्या शतकातले, घराणं गोदाकाठच्या कोपरगावचं, काम मात्र काशीत. त्या प्रतीत कर्ण धनुष्य उचलतो, दोरी चढवतो, बाण लावतो, आणि द्रौपदी मोठ्याने म्हणते, "नाहं वरयामि सूतम्". पुढची ओळ सावकाश वाच: "सामर्षहासं प्रसमीक्ष्य सूर्यं तत्याज कर्णः स्फुरितं धनुस्तत्". रागाने हसून, सूर्याकडे एकदा पाहून कर्णाने ते थरथरणारं धनुष्य टाकून दिलं. आपला बाप कोण हे त्याला अजून माहीत नाही, तरी नजर तिकडेच जाते. ज्या कुणी ही ओळ रचली त्याला नाटक कळत होतं. तुला ती भुरळ पाडते यात नवल नाही, मलाही पाडते.

पण आता भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती उघड. 1919 साली पुण्यात हे काम सुरू झालं, सुकथनकरांनी संपादलेलं आदिपर्व 1933 मध्ये पुरं झालं, आणि सगळं महाभारत हाती यायला 1966 उजाडलं. एकूण 1259 हस्तलिखितं त्यासाठी वापरली गेली. काम कसं चालायचं ते डोळ्यांसमोर आण. चौकटी आखलेला मोठा कागद. वरच्या ओळीत श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ; पोथीत जिथे वेगळं अक्षर असेल तिथे तेवढंच लिहायचं. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा लिप्यांतल्या पोथ्या, आणि श्लोकामागून श्लोक. एकमेकींपासून दूर वाढलेल्या परंपरा, म्हणजे काश्मीरची पोथी आणि पार दक्षिणेतली पोथी, जिथे एकच गोष्ट सांगतात तिथला मजकूर जुना मानायचा, हा त्यांचा मोठा आधार.

या चाळणीतून ते वाक्य खाली आलं. "नाहं वरयामि सूतम्" संहितेत, म्हणजे संपादकांनी जुना मानलेल्या मुख्य मजकुरात नाही, नंतरची भर म्हणून तळटीपेत आहे.

संहितेत काय आहे? राजे एकामागून एक उठतात आणि त्यांना दोरीही चढवता येत नाही. मग ब्राह्मणांच्या घोळक्यातून अर्जुन उठतो, तेव्हा काही ब्राह्मण हरणाची कातडी हलवत गलका करतात आणि काही जण चिंतेने म्हणतात: "यत्कर्णशल्यप्रमुखैः पार्थिवैर्लोकविश्रुतैः", कर्ण, शल्य अशा जगविख्यात राजांकडून जे वाकलं नाही, ते या पोरसवदा बटूला कसं वाकेल? म्हणजे इथे कर्णाला कुणी अडवलेलं नाही. त्याने प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. काही दक्षिणी पोथ्यांत तो केसभराने कमी पडतो. एकाच माणसाला एका परंपरेत हरवलं जातं, दुसरीत जवळजवळ जिंकू दिलं जातं, तिसरीत जिंकण्याआधीच अडवलं जातं. कर्णाबद्दलचा लळा वाढत गेला तसं त्याचं अपयश दुसऱ्या कुणाच्या तरी पदरी टाकावंसं कथेकऱ्यांना वाटलं असावं. हा माझा तर्क आहे, तो तपासून घे.

माशाचंही तसंच. तुझ्या नेपथ्याच्या टिपणात फिरता मासा आणि खाली तेलाची कढई आहे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र आहे, लहानपणीच्या रंगीत पुस्तकांपासून. संहितेत ना मासा, ना कढई, ना प्रतिबिंब. द्रुपदाने आकाशात एक यंत्र बसवलंय, त्यावर सोन्याचं लक्ष्य, आणि यंत्राच्या छिद्रातून पाच बाणांनी ते भेदायचं. बस. मासा ठेवायचा तर खुशाल ठेव, रंगमंचावर तो छान दिसेल. त्याने कुणावर अन्याय होत नाही.

त्या वाक्याने मात्र होतो, आणि माझं खरं म्हणणं इथे सुरू होतं.

द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला "बन्धकी", म्हणजे वेश्या, म्हणतो. कारण तो स्वतःच तिथे सांगतो: ही अनेकांची आहे. स्वयंवरातल्या अपमानाची आठवण त्याच्या त्या बोलण्यात नाही. स्वयंवरानंतर तर तो अर्जुनाशी लढतो, हा कोण ब्राह्मण म्हणून थक्क होतो आणि ब्रह्मतेज अजिंक्य आहे असं मानून मागे सरतो. रुसलेला, जखम जपणारा कर्ण तिथे दिसत नाही. मग पुढच्या काळातल्या सांगणाऱ्यांना प्रश्न पडला, एवढा दाता, एवढा मित्रनिष्ठ माणूस भर सभेत एका स्त्रीला असं कसं बोलला? उत्तर आयतं हाताशी होतं: तिनेच आधी डिवचलं. 1988 पासून दूरदर्शनवर ते वाक्य घराघरांत ऐकलं गेलं. आज बसमध्ये, चहाच्या टपरीवर कुणालाही विचार, द्रौपदीने कर्णाचा अपमान केला हे लोक डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतील. एका तळटीपेने तिच्यावर केवढं ओझं घातलंय बघ.

मीही ते घातलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका व्याख्यानात मी अगदी ठासून म्हटलं होतं की व्यासांची द्रौपदी जातीचा गर्व बाळगणारी आहे. व्याख्यान संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, कोणत्या पाठातली?" म्हणजे कोणत्या पोथीतल्या मजकुरातली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन रात्रभर पानं उलटली. तो प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे आणि आता तो तुझ्याकडे देते आहे.

आता याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुला अर्धंच सांगितलं असं होईल. संहितेतल्या या सगळ्या समारंभात द्रौपदी एक शब्द बोलत नाही. सोळाव्या दिवशी ती रंगमंडपात येते, भाऊ राजांची ओळख करून देतो, पण तिला कुणी काही विचारत नाही. नाव स्वयंवर, पण निवड धनुष्याची. आणि धनुष्यही साधं नाही. ही मुलगी अर्जुनाला मिळावी हे द्रुपदाच्या मनात होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही, म्हणून तसं न वाकणारं धनुष्य करवलं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. बापाने आधीच ठरवलेलं. तिच्या मनाचं जे काही कळतं ते शेवटी: लक्ष्य भेदलेलं पाहून ती पांढरी माळ घेऊन अर्जुनाकडे जाते, "उत्स्मयन्ती", हसतमुखाने. त्यामुळे नीलकंठांच्या प्रतीतलं ते वाक्य, कितीही नंतरचं असो, एवढंच एक ठिकाण आहे जिथे स्वयंवरातली वधू भर मंडपात "नाही" म्हणते. वाक्य जातीच्या गर्वाचं आहे, ते मला बोचतं. पण नकाराचा हक्क तिला तिथेच मिळतो, आणि त्याच हक्कासाठी तिला आजवर बोल लावला जातो. दोन्ही गोष्टी एकाच श्लोकात आहेत. तू यातली एकच उचललीस.

मी तुला तो प्रवेश काढून टाक असं म्हणत नाही. नव्याने सांगणं हे आपल्याकडे पाप नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा आरंभ केला तो 'सीतास्वयंवरा'ने, आणि वाल्मीकींच्या बालकांडात तर राम आला तेव्हा राजांचा दरबार भरलेलाच नव्हता. राजे आधीच येऊन, हरून, मिथिलेला वर्षभर वेढा घालून गेले होते. रावण तिथे नाहीच. आपल्या कीर्तनांत मात्र तो धनुष्याखाली सापडल्याशिवाय आख्यान रंगत नाही, आणि ते रंगावंच.

पण कीर्तनकार रावणाला हसतो तेव्हा रावणाचं काही बिघडत नाही. तू द्रौपदीला दोषी ठरवतोस तेव्हा समोर बसलेल्या मुली ते ऐकत असतात. म्हणून सूत्रधाराच्या तोंडून व्यासांचं नाव काढ. ते वाक्य ठेवायचं तर आपलं म्हणून ठेव. नाहीतर संहितेतला कर्ण घेऊन बघ: दोरी चढत नाही, हात थरथरतोय, मंडप गप्प, कुणीही त्याला सूत म्हणून हिणवत नाही आणि दोष द्यायला समोर कुणी नाही. हा कर्ण लिहायला जास्त अवघड आहे. तुझ्याच्याने तो होईल असं मला वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

आदिपर्वाचा भाग माझ्याकडे आहे, स्वयंवराच्या पानांवर खुणा घालून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी ये. तळटीपाही आपण मिळून वाचू. त्या बारीक टाइपात आहेत, चष्मा आण. आणि येताना दुसऱ्या प्रवेशाची एकच गोष्ट ठरवून ये: कर्णाने धनुष्य खाली ठेवल्यापासून अर्जुन उठेपर्यंत माळ हातात घेऊन उभी असलेली तुझी द्रौपदी कुणाकडे बघते?

तुझी,
बाई