वाचकांचे प्रश्न : मसाल्याचा रिपोर्ट, लवंग आणि साल्मोनेला

प्रश्न : मी सहकारनगरमध्ये घरगुती गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट करून विकते. एका दुकानदारांनी माल ठेवण्याआधी साल्मोनेलाचा रिपोर्ट मागितला. लॅबने पाच दिवस घेतले आणि एका ओळीत लिहून दिलं : ‘साल्मोनेला – २५ ग्रॅममध्ये अनुपस्थित’. दुसरी लॅब एका दिवसात देते म्हणते. पाच दिवस नेमकं करतात काय? आणि मी मसाला चांगला खमंग भाजते, मग तपासणीची गरज काय?

उत्तर : ताई, भाजण्याचं आधी सांगते. आमटीसारख्या ओल्या पदार्थात साल्मोनेला, म्हणजे अन्नातून पोटात जाऊन जुलाब-ताप आणणारा जंतू, उकळी येण्याच्या कितीतरी आधी मरतो. कोरड्या पदार्थात मात्र तोच जंतू बराच जास्त वेळ उष्णता सोसतो. डब्यातल्या मसाल्यात तो वाढत नाही, पण महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो. शिवाय आपण सगळे जिन्नस सारखे भाजत नाही. धणे खमंग होईपर्यंत परततो, खसखस आणि दगडफूल जेमतेम गरम करतो. मग भाजलेला मसाला गार करायला कुठे पसरता? ज्या परातीत कच्चे धणे निवडले, तिच्यातच असेल तर भाजण्याचा उपयोग तिथेच संपला. गच्चीवर वाळवण घालत असाल तर जाळी घाला. कबुतरं येत नाहीत अशी पुण्यातली गच्ची मी अलीकडे पाहिलेली नाही, आणि त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला येऊ शकतो.

तुमच्या तीन पदार्थांत मला जास्त काळजी मेतकुटाची वाटते. गोडा मसाला पुढे आमटीत उकळतो. मेतकूट मऊ भातावर तसंच घालतात, आणि खाणारं बहुतेक वेळा लहान मूल नाहीतर तापातून उठलेलं माणूस असतं. २००९-१० मध्ये अमेरिकेत सलामी खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा शोध घेत घेत तपास मिरीपर्यंत पोचला. मांसावरची सगळी प्रक्रिया झाल्यावर ती मिरी वरून लावलेली होती. म्हणून तुमच्याकडे एकाच पदार्थाच्या तपासणीचे पैसे असतील तर ते मेतकुटावर खर्च करा.

आता ते पाच दिवस. साल्मोनेला शोधण्याच्या दोन प्रमाण पद्धती, आपल्याकडची आयएस ५८८७ भाग ३ आणि जगभर वापरली जाणारी आयएसओ ६५७९-१, यांचा मार्ग एकच आहे. पहिल्या दिवशी २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये (जंतूंना पोसणाऱ्या पाण्यात) मिसळतात आणि ३७ अंशांना साधारण अठरा तास ठेवतात. या पाण्यात जंतू मारणारं काहीच नसतं, आणि ते मुद्दाम. कोरड्या मसाल्यात महिनाभर पडलेला साल्मोनेला अर्धमेला असतो, त्याच्या पेशीचं आवरण दुखावलेलं असतं. त्याला सरळ कडक माध्यमात, म्हणजे इतर जंतूंना दाबणाऱ्या द्रावात, टाकलं तर तो मरतो आणि रिपोर्ट ‘अनुपस्थित’ येतो. लंघन झालेल्या माणसाला आपण आधी पेज देतो, तसं हे पेप्टोन वॉटर. सगळ्या तपासणीत ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. घाईत नेमका तिच्यावरच घाव पडतो. संध्याकाळी उशिरा इन्क्युबेटरमध्ये ठेवून सकाळी नऊला बाहेर काढलं की अठराचे बारा तास होतात.

दुसऱ्या दिवशी कडकपणा सुरू होतो. त्या पाण्यातला ०.१ मिलिलिटर आरव्हीएस ब्रॉथ नावाच्या पातळ माध्यमात जातो. त्यात मॅलॅकाइट ग्रीन आणि भरपूर मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते आम्लधर्मी असतं आणि ४१.५ अंशांना ठेवतात. बाकीचे बहुतेक जंतू तिथे मागे पडतात, साल्मोनेला पुढे येतो. आणखी १ मिलिलिटर टेट्राथायोनेटच्या ब्रॉथमध्ये जातो, तो ३७ अंशांना. दोन ब्रॉथ घेतात, कारण एका माध्यमात दबलेला प्रकार दुसऱ्यात वाढू शकतो.

तिसऱ्या दिवशी प्लेटवर रेघा ओढतात. एक प्लेट एक्सएलडी अगार या घट्ट माध्यमाची, दुसरी लॅबच्या पसंतीच्या वेगळ्या माध्यमाची. चौथ्या दिवशी सकाळी एक्सएलडी उघडली की साल्मोनेलाच्या कॉलनी (जंतूंचे वाढलेले ठिपके) लाल आणि मधोमध काळ्या दिसतात. काळा रंग हायड्रोजन सल्फाइडमुळे येतो. ई. कोलायच्या कॉलनी पिवळ्या होतात. पण रंगावर विसंबून चालत नाही. सिट्रोबॅक्टर आणि प्रोटिअसही काळा ठिपका दाखवू शकतात. उलट पॅराटायफॉइड देणारा पॅराटायफी ए हा साल्मोनेलाच असून त्याची कॉलनी बहुधा काळी होत नाही. म्हणून दुसरी प्लेट लागते, आणि संशयित कॉलनी पुढच्या चाचण्यांना जाते : टीएसआय, लायसिन, युरिया, म्हणजे जंतू कशावर काय क्रिया करतो ते दाखवणाऱ्या नळ्या. युरियाची नळी गुलाबी झाली की प्रोटिअसचा संशय धरायचा. साल्मोनेला तिचा रंग बदलत नाही. शेवटी साल्मोनेलाला ओळखणारं अँटिसीरम घालून काचेवर गुठळ्या होतात का ते पाहतात. संशयित कॉलनी नसेल तर उत्तर चौथ्या दिवशी मिळतं. असेल तर एक-दोन दिवस आणखी.

तुमच्या रिपोर्टबद्दल मला खरी शंका वेगळीच आहे. गोड्या मसाल्यात लवंग आणि दालचिनी असते. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड जंतुनाशक आहेत. एकास दहा प्रमाणात मसाला पेप्टोन वॉटरमध्ये मिसळला की हे तेल त्या पाण्यात उतरतं आणि ज्या जंतूला वाढवायचं त्यालाच दाबतं. मसाल्यात साल्मोनेला होता, लॅबने पद्धत तंतोतंत पाळली, तरी प्लेट कोरी! अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याच्या पद्धतीत म्हणूनच दालचिनीसाठी एकास शंभर आणि लवंगेसाठी एकास हजार असं विरलन सांगितलं आहे. कांदा-लसणाच्या पुडीतले गंधकाचे पदार्थही असंच करतात. तिथे माध्यमात अर्धा टक्का पोटॅशियम सल्फाइट घालतात. तुमच्या कांदा-लसूण मसाल्याला हे लागू आहे.

लॅबला दोनच प्रश्न विचारा. नमुना किती पट पातळ केला? आणि माझ्याच मसाल्यात मोजके साल्मोनेला मुद्दाम मिसळून ते पुन्हा सापडतात का, हे एकदा तरी पाहिलंय का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो, नोंद दाखवतो’ असं उत्तर देणारी लॅब चांगली. प्रमाणपत्राच्या चौकटीपेक्षा मी या उत्तरावर जास्त विश्वास ठेवीन. लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असेल तर ती मसाल्यांमधल्या साल्मोनेलासाठी आहे का, हेही यादीत पाहून घ्या; पाण्यासाठीची मान्यता इथे कामाची नाही.

आणखी एक हिशेब मनात ठेवा. किलोभर मसाल्यात सरासरी एकच जंतू असेल, तर २५ ग्रॅमच्या एका नमुन्यात तो सापडण्याची शक्यता शंभरात अडीच. वेगवेगळ्या ठिकाणांहून २५ ग्रॅमचे पाच नमुने घेतले तर शंभरात जेमतेम बारा. डब्याच्या वरच्या थरातला एक चमचा पाठवू नका. तळातून, मधून, वेगवेगळ्या घाण्यांतून कोरड्या स्वच्छ चमच्याने घ्या. रिपोर्ट त्या नमुन्याबद्दल बोलतो. उरलेल्या मसाल्याची हमी तुमची परात, तुमचे हात आणि तुमचा मिक्सरच देतो.

प्रश्न : मी मायक्रोबायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पीसीआर असताना अजून पेट्री प्लेट कशाला? आणि पीसीआर मेलेला जंतूही पकडतो ना?

उत्तर : पकडतो. पीसीआर जंतूचा डीएनए शोधतो, साल्मोनेलासाठी बहुतेक वेळा आयएनव्ही-ए हे जनुक. डीएनए जंतू मेल्यावरही काही काळ टिकतो. पण चांगल्या पीसीआर पद्धतीतही नमुना आधी पेप्टोन वॉटरमध्ये रात्रभर वाढवतातच. तुला प्रॅक्टिकलला हे नीट समजून घ्यायला हवं. २५ ग्रॅममध्ये एक जंतू असेल आणि पीसीआरच्या नळीत काही मायक्रोलिटरच जात असतील, तर वाढवल्याशिवाय तो त्या नळीत येणार कसा? वाढवल्यावर जिवंतांची संख्या लाखोंनी वाढते, मेलेल्यांची नाही. म्हणून वरच्या ताईंना ‘एका दिवसात’ म्हणणारी लॅब रात्रभर वाढवून दुसऱ्या दिवशी पीसीआर करत असेल तर ते रास्त आहे. सकाळी नमुना देऊन संध्याकाळी रिपोर्ट मिळणार असेल, तर मी तो घेणार नाही. आणि लवंगेची अडचण पीसीआरलाही चुकत नाही. मसाल्यातले काही घटक त्या अभिक्रियेलाही अडवतात, म्हणून प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल (अभिक्रिया अडली नाही ना, हे दाखवायला मुद्दाम घातलेला डीएनए) चालला का ते पाहायचं.

पीसीआर निगेटिव्ह आला तर मोठ्या कारखान्यात माल लवकर सोडता येतो, हा त्याचा मोठा फायदा. पॉझिटिव्ह आला की पुन्हा प्लेटकडे यावंच लागतं. जिवंत कॉलनी हातात असेल तर तिचा सिरोटाइप (साल्मोनेलाचा उपप्रकार) काढता येतो. असे २,५०० हून अधिक सिरोटाइप आहेत. रुग्णाच्या शौचातला जंतू आणि अन्नातला जंतू एकच का, हेही जीनोम वाचून ताडता येतं. तुला नोकरी कुठेही मिळो, एक्सएलडी वाचायला डोळा तयार ठेव.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पाणी तपासायला काळी पडणारी बाटली आणतात. तिच्यात चटणी किंवा मसाला घालून साल्मोनेला तपासता येईल का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : नाही, काका. ती एचटूएस बाटली. १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी ही सोपी कागदी पट्टीची चाचणी मांडली, आणि गावोगाव पिण्याच्या पाण्यासाठी ती फार उपयोगी पडली. बाटलीतल्या पट्टीवर थायोसल्फेट आणि लोहाचं संयुग असतं; विष्ठेतून आलेले काही जंतू त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि पाणी काळं पडतं. एक्सएलडी प्लेटवरचा काळा ठिपका याच रसायनाने येतो. पण बाटलीत निवड नाही. साल्मोनेला, सिट्रोबॅक्टर, क्लॉस्ट्रिडियम, कुणीही ती काळी करू शकतो. पाण्याच्या बाबतीत एवढं पुरतं, कारण मैलपाणी मिसळलंय का हाच प्रश्न असतो. चटणीच्या बाबतीत तिचा निकाल कुठल्याही बाजूने धरता येत नाही.

काळी झालेली बाटली उघडून बेसिनमध्ये ओतू नका. तिच्यात आता कोट्यवधी जंतू आहेत. भरपूर ब्लीचिंग पावडरचं द्रावण घालून काही तास ठेवा, मग फेका. घरी प्लेटवर जंतू वाढवण्याचा प्रयोग तर कुणीच करू नये.

प्रश्न : मुलाची विडाल पॉझिटिव्ह आली. आम्ही आदल्या आठवड्यात बाहेर खाल्लेल्या पदार्थाची विडाल करून मिळेल का?

उत्तर : विडाल ही टायफॉइडसाठीची रक्ताची चाचणी आहे, १८९६ पासूनची. ती शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं पाहते. पदार्थात रक्त नाही, तेव्हा तिथे ती होत नाही. टायफॉइडचा साल्मोनेला टायफी फक्त माणसात राहतो आणि दूषित पाण्यातून किंवा वाहकाच्या (स्वतः आजारी न दिसता जंतू बाळगणाऱ्याच्या) हातून अन्नात येतो. वर सांगितलेला आरव्हीएस ब्रॉथ टायफीला मानवत नाही, म्हणून अन्नाच्या नेहमीच्या तपासणीत तो सापडेलच असं नाही. आठवड्यापूर्वीचा पदार्थ तर आता हातातही नाही. जुना संसर्ग किंवा लस यांमुळेही विडाल पॉझिटिव्ह येते. मुलाला अजून ताप असेल आणि अँटिबायोटिक सुरू झालं नसेल, तर आजच डॉक्टरांना ब्लड कल्चरबद्दल (रक्तातला जंतू वाढवून पाहण्याबद्दल) विचारा. औषध सुरू झाल्यावर जंतू सापडणं अवघड होतं.