वाचकांचे प्रश्न : पोर्सिलेनचे कप वाकडे का होतात?

प्रश्न : मी नाशिकला गंगापूर रोडवर राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर वर्षभर लाल मातीवर चाकाचे काम शिकले आणि वाडगे, लहान मडकी बऱ्यापैकी जमू लागल्यावर गेल्या डिसेंबरात त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील एका पाच दिवसांच्या निवासी शिबिरात पोर्सिलेन शिकायला गेले. तिथे केलेल्या आठ कपांपैकी पाच चाकावरच खचून बसले. उरलेले तीन भाजून महिन्याभराने हाती आले, तर दोघांची तोंडे लंबगोल झालेली आणि तिसऱ्याच्या तळाला ‘एस’ अक्षरासारखा तडा गेलेला. ‘पोर्सिलेन सगळ्यांना जमत नाही,’ एवढे सांगून शिक्षकांनी विषय संपवला. पुन्हा जावे की नाद सोडावा?

उत्तर : जरूर जा. शिक्षकांचे ते उत्तर मला पटलेले नाही, कारण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही दोषांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील एकाचाही हातगुणाशी संबंध नाही.

आधी कप बसण्याविषयी. पोर्सिलेनमध्ये साधारण निम्मे केओलिन, म्हणजे एक पांढरी माती, असते आणि उरलेल्या भागात फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजे. या शेवटच्या दोघांना चिकटपणा असा नसतोच, आणि केओलिनचे कणही आपल्या लाल मातीतल्या कणांपेक्षा मोठे असल्यामुळे ते एकमेकांना घट्ट धरत नाहीत. म्हणून ही माती हाताला श्रीखंडाच्या चक्क्यासारखी मऊ लागते आणि चक्क्यासारखीच पाणी मिळताच ढिली पडते. वर्षभर लाल मातीवर काम केलेल्या माणसाचा हात सवयीने दर मिनिटाला पाण्याच्या भांड्याकडे जातो. लाल माती ते सोसते, पोर्सिलेन सोसत नाही. एका कपाला अर्धी वाटी पाणी पुरले पाहिजे, असा नियम मी माझ्यापुरता केला आहे. त्यानंतर हात कोरडे वाटले, तर पाण्याऐवजी तळव्यांवर जमलेला पातळ चिखलच पुन्हा भिंतीला लावावा. भिंत दोन किंवा फार तर तीन वेळा उचलावी आणि त्यात जी उंची मिळेल ती मान्य करावी, कारण चौथ्यांदा उचलायला गेले की कप बसतो. तळाजवळची भिंत मुद्दाम जाड ठेवा. ती नंतर तासून काढता येते. शिवाय नाशिकच्या डिसेंबरात सकाळचे पाणी इतके गार असते की बोटे बधिर होतात आणि भिंत कुठे पातळ झाली आहे हे कळेनासे होते, तेव्हा कोमट पाणी मागून घ्यायला संकोच करू नका.

लंबगोल तोंडांचा दोष मात्र बहुधा चाकावरचा नाही, कप चाकावरून उचलतानाचा आहे. तुम्ही कप दोन्ही हातांनी उचललात, तो किंचित दबला, आणि तुम्ही फळीवर ठेवून बोटांनी पुन्हा गोल केलात, असेच झाले ना? केओलिनचे कण चपट्या पत्र्यांसारखे असतात आणि दाब पडेल तसे ते रांगेत बसतात. वरून कप गोल दिसला, तरी आतली रांग दबलेलीच राहते. पुढे भट्टीत १२०० अंश सेल्सिअसच्या वर फेल्डस्पार वितळून भिंत मऊ पडली की कप त्या जुन्या आकाराकडे परत जातो. चाकावर केलेली किटलीची तोटी याच कारणाने भट्टीत थोडी पीळ उलगडते, आणि जाणकार कुंभार तिचे टोक कापताना तेवढे वळण आधीच धरून ठेवतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे कपाला हात न लावणे. चाकावर सुटी लाकडी चकती बसवून तिच्यावरच कप करावा आणि चकतीसकट उचलून बाजूला ठेवावा. नखाची खूण उमटेल पण बोटाने दबणार नाही इतका तो घट्ट झाला, की मगच सुटा करावा.

तळाच्या तड्यामागे दोन गोष्टी असतात. तळ पुरेसा दाबलेला नसतो आणि आत साचलेले पाणी टिपलेले नसते. गोळा उघडल्यावर तळ कडेकडून मध्याकडे बोटांनी दोन-तीनदा दाबून घ्या, आणि कप पूर्ण झाल्यावर काठीला बांधलेल्या स्पंजने आतले पाणी टिपा. काठ लवकर सुकतो व तळ मागे राहतो, म्हणून काठ थोडा घट्ट झाला की कप उपडा घालून वर प्लॅस्टिक झाकावे.

आता पाच दिवसांविषयी. पाच दिवसांत पोर्सिलेनचा टी-सेट घरी नेता येईल अशी जाहिरात दिसली, तर ते शिबिर टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. घडवणे, तासणे, सावकाश सुकवणे, १००० अंशांच्या आसपासची पहिली भाजणी, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, आणि मग १२८० अंशांच्या सुमाराची दुसरी भाजणी हा क्रम ठरलेला आहे. भट्टी थंड व्हायलाच एक दिवस जातो. त्यामुळे पहिले तीन दिवस एकही कप जपून ठेवू नका. प्रत्येक कप ताणलेल्या तारेने वरपासून खालपर्यंत उभा कापा आणि दोन्ही अर्धे शेजारी ठेवून भिंत पाहा. ओल्या पांढऱ्या कापात जाडी इतकी स्वच्छ दिसते की कुठे बोट थांबले आणि कुठे घाई झाली हे कोणी सांगावे लागत नाही. कापलेली माती पुन्हा मळून वापरता येते. ठेवायचे कप चौथ्या दिवशी करा आणि पाचव्या दिवशी तासा. तेव्हा आकसण्याचा हिशेब मात्र धरा : ही माती सुकताना व भाजताना मिळून १२ ते १५ टक्के आकसते, म्हणजे १३ टक्के धरल्यास ९ सेंटीमीटर उंचीच्या कपासाठी ओला कप १०.३ सेंटीमीटरचा हवा.

प्रश्न : पोर्सिलेनचे कप आमच्या ओळखीच्या कुंभारकाकांच्या आव्यात भाजून मिळतील का? (पंचवटी)

उत्तर : नाही. आव्यातील आच साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. पणत्यांना आणि संक्रांतीच्या सुगडांना ती पुरते, पण पोर्सिलेन तेवढ्या आचेवर खडूसारखे ठिसूळ आणि पाणी शोषणारे राहते. उलट, इकडची लाल माती पोर्सिलेनच्या भट्टीत घातली, तर ती फुगून किंवा वितळून फळीला चिकटते. काकांकडून शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. एकाच मोठ्या गोळ्याच्या टोकावरून ते एकामागून एक सुगडे उतरवतात, तेव्हा प्रत्येकाला पाणी किती कमी लावतात ते शेजारी बसून पाहा. त्यांच्या चाकावर पोर्सिलेन करायचे झाल्यास आधी चाक, स्पंज, तार सगळे धुऊन घ्या, नाहीतर लाल मातीतल्या लोहाचे तपकिरी ठिपके भाजल्यावर पांढऱ्या कपावर उठतील.

प्रश्न : लोणच्याची बरणी आणि पोर्सिलेन एकच का? (सिडको, नाशिक)

उत्तर : दोन्हींना आपण चिनी मातीच म्हणतो, पण बरणी स्टोनवेअरची, म्हणजे जाड, अपारदर्शक भाजणाऱ्या मातीची असते. पोर्सिलेनचा पातळ कप खिडकीसमोर धरला, तर मागच्या बोटांची सावली भिंतीतून दिसते. बरणीतून ती कधीच दिसणार नाही.

प्रश्न : मातीकामाच्या खोलीत झाडू मारताना मला खोकला येतो. मास्क पुरेल का? (नाशिक रोड)

उत्तर : झाडूच मारू नका. सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून आत गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा कायमचा आजार होतो. साधा कापडी मास्क ते बारीक कण अडवत नाही. फरशी आणि टेबल रोज ओल्या फडक्याने पुसा, कामाचा अंगरखा घरात न झटकता धुवायला टाका, आणि खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांना आपण मातीकाम करता हे आवर्जून सांगा.